शेजारचे आजोबा, थायलंड आणि अडीच वर्षांपूर्वी संपलेला व्हिसा

चिंचोके
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज राहवलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं चियांग माईत आहोत. आमच्या सोईच्या, म्हणजे गल्लीच्या, टोकाला एक इंग्रज आजोबा राहतात. वय 74. बायको थाई होती, पावणेतीन वर्षांपूर्वी वारली. सावत्र मुलगी गावातच असते, घर तिच्या नावावर आहे. आजोबा रोज सकाळी झाडांना पाणी घालतात, आमच्या लेकीला थाई आकडे शिकवतात आणि दिसेल त्याला हात जोडून वाय करतात.

परवा चहाला बोलावलं होतं. सहज म्हणून मी विचारलं, तुमचा व्हिसा कुठला? आजोबा उठले, कपाटातून पासपोर्ट आणून माझ्यासमोर उघडा ठेवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शिक्का बघितला. मुदत संपून दोन वर्षं सात महिने झालेत!

त्यांचं कुणी नाही असं नाही, पण हे फक्त मला सांगितलंय. मुलीलाही माहीत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, आता यातून सुटायचा मार्ग काय? दुसरी जरा बाळबोध वाटेल. ज्या देशावर माणसाचा एवढा जीव आहे, तिथे राहिला म्हणून तो गुन्हेगार कसा?

खारी_बिस्कीट
एक दिवस पाहुणा, दुसरे दिवशी पई, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई. थाई सरकारने ही म्हण शिक्क्यावरच छापावी.

(गंमत हं. वाचतोय.)

नियमराव
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. कायद्याला प्रेम मोजता येत नाही, तारीख मोजता येते. थायलंडच्या 1979च्या इमिग्रेशन कायद्यात कलम 81 आहे. परवानगी संपल्यावर राहिलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 20,000 बाहतपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यात 'जीव असल्यास सूट' असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि दोन वर्षं सात महिने म्हणजे विसरभोळेपणा नव्हे. रोज सकाळी उठून घेतलेला निर्णय आहे तो.

आज्जीचा_बटवा
नियमराव, न घेतलेला निर्णय म्हणा. भिजत घोंगडं कुणी ठरवून भिजवतं का?

वाटसरू_पूर्वेचा
चिंचोकेताई, मी बँकॉकमध्ये 12 वर्षं आहे. ही गणितं पाठ आहेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

दंड रोजचा 500 बाहत, पण कमाल 20,000. म्हणजे चाळिसाव्या दिवशी मीटर थांबतो. त्यामुळे पूर्वी अनेक फरांग, म्हणजे गोऱ्या परदेशी, लोकांचा हिशोब सोपा असायचा: चाळीस दिवस काय आणि चार वर्षं काय, जाताना वीस हजार टाकायचे आणि पुढच्या आठवड्यात परत यायचं. काही जण तर त्याला 'सर्वात स्वस्त व्हिसा' म्हणायचे.

20 मार्च 2016ला हे बंद झालं. त्या दिवसापासून दंडाच्या जोडीला प्रवेशबंदी आली. स्वतःहून विमानतळावर हजर झालात तर 90 दिवसांवरच्या ओव्हरस्टेला, म्हणजे मुदत उलटून राहण्याला, 1 वर्ष, एका वर्षावर गेलात तर 3 वर्षं, तीन वर्षांवर 5 आणि पाच वर्षांवर 10. मात्र पोलिसांनी पकडलं तर हिशोबच वेगळा. वर्षाच्या आतला असलात तरी 5 वर्षं, वर्षावरचा असलात तर सरळ 10.

आता आजोबांचं बघा. दोन वर्षं सात महिने. आज निघाले तर तीन वर्षांची बंदी, 77व्या वर्षी परत येता येईल. पाच महिने असेच गेले की पाच वर्षांची बंदी, म्हणजे थेट ऐंशीच्या घरात. आणि मधल्या काळात रस्त्यावरच्या तपासणीत सापडले तर 84.

ताई, घड्याळ चालू आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर नंतर वाद घालू.

चिंचोके
बापरे. पाच महिन्यांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्याही आलेलं नसणार. धन्यवाद वाटसरू.

दगडफूल
एक कळलं नाही. बायको थाई होती तर मग व्हिसा संपलाच कसा?

चिंचोके
@दगडफूल, तेच तर. काल पुन्हा जाऊन बसले, तेव्हा सगळं सांगितलं त्यांनी.

थाई बायको असेल तर दरवर्षी मुदतवाढ मिळते. त्यासाठी बँकेत 4 लाख बाहत ठेवावे लागतात किंवा महिन्याचं उत्पन्न 40,000 दाखवावं लागतं. यांचे 4 लाख होते. बायकोच्या आजारपणात ते दवाखान्यात गेले. ती गेल्यावर तो आधारच संपला, कारण लग्नाच्या नावावरची मुदतवाढ विधुराला पुन्हा मिळत नाही. मग उरला निवृत्तीचा मार्ग. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी आहे तो, पण त्याला 8 लाख किंवा महिना 65,000 लागतात. म्हणजे बायको गेली, शिल्लक गेली आणि अट दुप्पट झाली.

ते म्हणाले, अंत्यसंस्कारानंतर एक महिना मी कॅलेंडरकडे पाहिलंच नाही. पाहिलं तेव्हा तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. नऊ दिवस म्हणजे 4,500 बाहत. सोमवारी जाऊन भरू असं ठरवलं होतं.

मी विचारलं, मग गेला नाहीत? तर म्हणाले, त्या सोमवारी पाऊस होता.

आज्जीचा_बटवा
"त्या सोमवारी पाऊस होता." काय बोलावं यावर.

नियमराव
वाईट वाटलं हे खरं. 'रोज घेतलेला निर्णय' हे माझे शब्द मागे घेतो. बाकी मुद्दा तोच आहे.

उभा_दांडा
यात पेन्शनचाही एक पदर आहे. ब्रिटनचं सरकारी पेन्शन काही ठरावीक देशांत राहणाऱ्यांनाच दरवर्षी वाढवून मिळतं. थायलंड त्या यादीत नाही. इथे येऊन राहिलात की आकडा जिथल्या तिथे गोठतो, मग दहा वर्षं राहा की वीस. त्यात पौंड. 2005-06च्या सुमारास एका पौंडाला सत्तरेक बाहत मिळायचे, 2019मध्ये चाळिसाच्याही खाली गेला होता. ज्यांनी सत्तरच्या भावावर म्हातारपणाचा हिशोब मांडला त्यांचं काय झालं असेल बघा.

वर 2019पासून ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन वकिलातींनी उत्पन्नाची पत्रं देणंही थांबवलं. पूर्वी त्या पत्रावर काम भागायचं. आता दरमहा परदेशातून पैसे आल्याच्या बँकेच्या नोंदी लागतात.

माझ्या ओळखीत असे तिघं होते. तिघांचंही थायलंडवर अतोनात प्रेम आणि तिघांचेही पैसे अपुरे.

कपाशी
मुद्दा वेगळा आहे, पण राग येतोय म्हणून लिहिते. या सगळ्या चर्चेत 'आजोबा', 'जीव', 'पाऊस'. हाच माणूस गोरा नसता तर?

बँकॉकशेजारी समुत साखोन आहे, महाचाय म्हणतात. मासळी सोलायच्या कारखान्यांत हजारो बर्मी माणसं काम करतात. त्यांचे कागद संपले की धाड पडते, ट्रकमध्ये बसवून सीमेकडे नेतात. तिथे कुणी विचारत नाही की बाई, तुझं या देशावर प्रेम आहे का? गोरा राहिला तर 'एक्सपॅट', बर्मी राहिला तर 'अवैध स्थलांतरित'. शब्द बदलला की सहानुभूती पण बदलते.

वाटसरू_पूर्वेचा
@कपाशी, शंभर टक्के मान्य. फक्त 2016 नंतर गोऱ्यांचाही लाड बराच कमी झालाय. बँकॉकमधल्या सुआन फ्लूच्या डिटेन्शन सेंटरमध्ये, म्हणजे परत पाठवायच्या परदेशी लोकांना ठेवतात तिथे, सगळ्या रंगांची माणसं असतात. मी एकदा एका ओळखीच्याला कपडे आणि साबण द्यायला गेलो होतो. तिकिटाचे पैसे आपले आपणच उभे करायचे असतात. ज्याला पाठवणारं कुणी नाही तो आत बसून राहतो. हा माझा ओळखीचा सात आठवडे होता. भेटीच्या जागी दोन जाळ्यांच्या मधे अंतर, दोन्हीकडून माणसं ओरडतायत. मी विचारतोय "साबण कुठला हवा" आणि त्याला ऐकू येतंय भलतंच. शेवटी बोटांनी खुणा केल्या.

कपाशी
:( आजोबांबद्दल राग नाही हो माझा. पाच महिन्यांच्या आत काढा त्यांना.

खारी_बिस्कीट
वातावरण फार गंभीर झालं, माझी फजिती ऐका.

60 दिवसांचा टुरिस्ट व्हिसा. 1 जुलैला उतरलो. साठ दिवस म्हणजे दोन महिने, म्हणजे 31 ऑगस्ट, असा माझा वाणिज्य शाखेचा हिशोब. 31 ऑगस्टला रुबाबात काउंटरवर गेलो. बाई शिक्का बघतायत, मला बघतायत, परत शिक्का बघतायत. जुलै 31 दिवसांचा, आणि उतरल्याचा दिवस हा पहिला दिवस धरतात. मुदत 29 ऑगस्टलाच संपलेली! शिक्क्यावर ठळक छापलं होतं, मी वाचलंच नव्हतं. 1,000 बाहत, पासपोर्टवर ओव्हरस्टेची नोंद आणि शेजारी उभी बायको. यातलं सर्वात महाग काय पडलं ते सांगायला नकोच.

दगडफूल
हाहाहा! पण ही चूक फार जणांची होते. व्हिसावर एक तारीख असते, तोवर देशात *शिरायचं* असतं. राहायची तारीख शिक्क्यावर. लोक पहिलीच बघतात आणि निर्धास्त होतात.

लांबचा_मामा
माझं तर याहून भारी. एका वर्षाची मुदतवाढ रीतसर घेतलेली होती. तीन दिवसांसाठी सिंगापूरला गेलो. परत येताना री-एन्ट्री परमिट नाही, म्हणून आख्खी मुदतवाढ रद्द! बाहेर पडण्याआधी 1,000 बाहत भरून परमिट घ्यायचं असतं हे मला ऑफिसातल्या एकानेही सांगितलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून. बँकेची पत्रं, फोटो, घराचा नकाशा. हो, घराचा हाताने काढलेला नकाशा लागतो. मी त्यात कोपऱ्यावरचं झाडही काढलं होतं.

ओसाकावाली
जपानची गोष्ट सांगते. तिथे 1993 साली मुदत उलटून राहिलेले जवळजवळ 3 लाख लोक होते. डोळे पांढरे होतील असा आकडा, पण यातले बरेचसे बबलच्या काळात, म्हणजे ऐंशीच्या दशकाअखेरच्या तेजीत, आलेले. तेव्हा कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून पोलीस काणाडोळा करायचे. मंदी आली तसे सगळ्यांचे डोळे उघडले. पुढे 2004च्या अखेरीस त्यांनी एक सोय काढली. पहिल्यांदाच चूक असेल आणि स्वतःहून हजर झालात तर अटकेशिवाय परत पाठवतात, बंदी पाचाऐवजी एकच वर्ष.

मला हे शहाणपणाचं वाटतं. दार उघडं ठेवलं तर माणूस स्वतःच्या पायांनी जातो.

कपाशी
अमेरिकेत याच्या बरोबर उलट. 1996च्या कायद्याने 180 दिवसांवर राहिलात तर 3 वर्षं बंदी, वर्षावर राहिलात तर 10. पण ही बंदी लागते देश *सोडल्यावर*. मग कोण सोडतोय? आई वारली तरी न गेलेली माणसं मी पाहिलीत. बाहेर घालवायला केलेल्या कायद्याने लोकांना आतच कोंडून ठेवलं.

नियमराव
ही माहिती नवीन होती. वाचून विचारात पडलोय.

थायलंडचा तक्ता मात्र मला या दोन्हींच्या मधला वाटतो. लवकर जा आणि स्वतःहून जा, एवढंच तो सांगतो.

उभा_दांडा
कोविडने पण लोकांच्या सवयी बिघडवल्या. 26 मार्च 2020 पासून सगळ्या अडकलेल्यांना आपोआप मुदतवाढ होती, तीही वाढत वाढत गेली. काही महिने कुणी तारीख बघतच नव्हतं. मग एक दिवस सवलत संपली आणि बरेच जण झोपेतच राहिले.

टपोरी_मोती
एजंटला भेटा की. पैसे तेच लावतात बँकेत, काम झालं की काढून घेतात. माझ्या मित्राचं झालंय असं.

वाटसरू_पूर्वेचा
@टपोरी_मोती, कृपा करून असा सल्ला देऊ नका. एक तर ओव्हरस्टेवर असलेल्याला मुदतवाढ मिळतच नाही, आधी देशाबाहेर जावं लागतं. आणि जो एजंट "मागच्या तारखेचा शिक्का मारून देतो" म्हणेल तो आजोबांना खोट्या शिक्क्याच्या गुन्ह्यात अडकवेल. स्वतःहून गेले तर सध्या दंड आणि बंदीवर भागतंय. शिक्का खोटा निघाला तर खरोखरचा तुरुंग.

ताई, हे करा:

पासपोर्टची मुदत बघा. संपली असेल तर आधी तो नवा करून घ्या.

आंतरराष्ट्रीय विमानाचं तिकीट हातात असू द्या. रात्रीच्या बसने प्रवास नको, रस्त्यात नाके असतात. विमानतळावर तीन नाही, पाच तास आधी. 20,000 रोख, वेगळ्या पाकिटात. काउंटरवर गेल्यावर लपवाछपवी नको, "मी ओव्हरस्टेवर आहे" असं आपणच पहिलं वाक्य बोलायचं. बाजूच्या खोलीत नेतात, कागदांवर सह्या घेतात, पावती देतात. मी दोघांबरोबर गेलोय. दोन्ही वेळा अधिकारी सौम्य होते. एकाने तर शिक्का मारून झाल्यावर वाय केला.

आणि मुलीला सांगा. घरात परदेशी माणूस राहत असेल तर घरमालकाने 24 तासांत कळवायचं असतं. घर तिच्या नावावर आहे, तिला अंधारात ठेवणं बरोबर नाही.

लांबचा_मामा
सल्ला चोख. पण ते जाणार कुठे? इंग्लंडमध्ये कोण आहे?

चिंचोके
एक बहीण होती, तीही गेली. सोळा वर्षांत एकदाही परत गेलेले नाहीत. म्हणतात, तिथे आता मीच परदेशी.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. इथल्या देवळाच्या भिंतीत बायकोच्या अस्थी ठेवल्यात. चौकोनी कोनाडा, पुढे संगमरवराची छोटी फरशी, तिच्यावर फोटो. दर वान फ्राला, म्हणजे बौद्धांच्या पवित्र दिवशी, ते जातात आणि रुमाल ओला करून फोटो पुसतात. मला म्हणाले, तीन वर्षांत काच धुरकट होईल.

आज्जीचा_बटवा
मुलगी पुसेल की! त्यांना सांगा, पोरीच्या आईचा फोटो आहे तो, पोरीलाही पुसू दे कधीतरी.

दगडफूल
पेनांग सुचवू का? ब्रिटिशांना मलेशियात व्हिसाशिवाय 90 दिवस मिळतात. जॉर्ज टाऊनमध्ये थायलंडहून व्हिसासाठी ये-जा करणाऱ्यांची वर्दळ पूर्वीपासून आहे, त्यामुळे ओळखीपाळखी होतात. इंग्रजी चालतं. चियांग माईहून मुलीलाही भेटायला जाता येईल. निदान तिथे बसून पुढचा विचार होईल.

खारी_बिस्कीट
मग 91व्या दिवशी दुसरा धागा: 'शेजारचे आजोबा, मलेशिया आणि...'

दगडफूल
बिस्किटा, गप बस!

नियमराव
चिंचोके, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी चार दिवस विचार करतोय. अजूनही म्हणेन की नियम मोडला. पण 'गुन्हेगार' हा शब्द मला आता त्या माणसाच्या शेजारी ठेववत नाही. तुम्ही म्हणाल तर तिकिटासाठी माझा वाटा पाठवतो.

चिंचोके
नियमराव, खरंच आभार. पैशांची गरज पडली नाही.

(तीन आठवडे धागा शांत होता, माफ करा.)

मुलीला सांगितलं. ती आधी खूप चिडली, मग त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत बसली, मग तिनेच तिकीट काढलं. 20,000 तिने आणि आम्ही मिळून घातले. विमानतळावर मी आणि ती दोघी गेलो होतो. आजोबांनी वाटसरूंनी सांगितलेलं वाक्य थाईत पाठ केलं होतं, काउंटरवर गेल्यावर इंग्रजीतच बोलले. पन्नास मिनिटं आत होते. बाहेर आले तर हातात पावती आणि पासपोर्टवर तीन वर्षांची बंदी. काचेपलीकडून पासपोर्ट उघडून आम्हाला दाखवला, पहिल्या दिवशी मला दाखवला होता तसाच. या वेळी तोंड आमच्याकडे होतं.

काल पेनांगहून फोटो आला. भिंतीवर कॅलेंडर टांगलंय आणि नव्वदाव्या दिवसाभोवती लाल गोल केलाय.

खारी_बिस्कीट
ताई, त्यांना लगेच विचारा: उतरल्याचा दिवस मोजलाय का?

चिंचोके
विचारलं. पहिला गोल खोडून आता अलीकडच्या चौकोनात दुसरा काढलाय :)